खेळाडूपासून राष्ट्रीय प्रशिक्षकापर्यंत : खालिद जमील यांच्या कारकिर्दीवरील अभ्यासपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. दोन तासिका वर्गात, दोन तासिका मैदानावर.)

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेत जी चरित्रे शिकविली जातात ती बहुधा राज्यकर्ते, संत, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ यांची असतात. खेळाडूचे चरित्र कधीमधी आलेच, तर ते विजयाच्या क्षणापाशी येऊन थांबते. अमुक सामना जिंकला, अमुक पदक मिळाले, एवढे सांगून पाठ संपतो. खेळाचे दिवस सरल्यावर त्या माणसाने आपल्या ज्ञानाचे काय केले, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. वास्तविक शिक्षकाच्या दृष्टीने खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो. स्वतःला एखादी गोष्ट उत्तम करता येणे आणि ती दुसऱ्याला करावयास शिकविणे, ही दोन निरनिराळी कामे होत. पहिल्यातून दुसऱ्याकडे जाण्याची वाट सोपी नसते, आणि ती कशी चालावी हे प्रत्यक्ष उदाहरणावरूनच चांगले कळते.

प्रस्तुत पाठासाठी फुटबॉलपटू व प्रशिक्षक खालिद जमील यांची कारकीर्द निवडली आहे. खेळाडू म्हणून त्यांची बहुतेक वर्षे मुंबईच्या मैदानांवर गेली. प्रशिक्षकाचे कामही त्यांनी मुंबईतच सुरू केले आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या राष्ट्रीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पनवेल परिसरातील मुलांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. भाताची कापणी आटोपून खाचरे मोकळी झाली की, गावोगावची मुले तेथे चेंडू घेऊन उतरतात. पनवेलहून रेल्वेने निघाल्यास खारघर, बेलापूर ओलांडल्यावर लागणाऱ्या नेरूळच्या मैदानावर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथेच खेळला गेला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यातील शाळाशाळांतून मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळण्याचा उपक्रम पार पडला, तोही अनेक शिक्षकांच्या स्मरणात असेल. चेंडू तर गावात आलेला आहे. त्याच्यामागचा विचार वर्गात आणणे हे या पाठाचे काम आहे.

पाठाचा हेतू

पाठ संपल्यावर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी कळाव्यात अशी अपेक्षा आहे. संघाचा प्रशिक्षक नेमके काय करतो, हे त्यांना सांगता यावे. थोड्या साधनांतून संघ कसा उभा राहतो, याचे एक खरे उदाहरण त्यांना ठाऊक व्हावे. यश आणि अपयश ही दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात आणि दोहोंचा हिशेब सारख्याच प्रामाणिकपणे मांडावा लागतो, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसावी. शिक्षकाच्या दृष्टीने चौथाही एक हेतू आहे. जी मुले आपल्या शाळेत आहेत, त्यांच्याकडेच संघ म्हणून पाहण्याची दृष्टी या पाठातून यावी.

दोन शब्दांचा खुलासा

वर्तमानपत्रात ‘मॅनेजर’ आणि ‘कोच’ असे दोन शब्द मुलांच्या वाचनात येतात आणि त्यांचा घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाच्या प्रमुखास मॅनेजर म्हणण्याची जुनी रीत आहे. तेथे खेळाडू निवडणे, सामन्याची आखणी करणे आणि संघाची शिस्त राखणे ही सारी जबाबदारी त्या एका व्यक्तीवर असते. आपल्याकडे हेच काम करणाऱ्यास मुख्य प्रशिक्षक म्हणतात. प्रवास, मुक्काम, कागदपत्रे पाहणारा संघव्यवस्थापक निराळा असतो. या पाठात ‘प्रशिक्षक’ हा शब्द पहिल्या, म्हणजे संघ घडविणाऱ्या प्रमुखाच्या अर्थाने वापरला आहे.

प्रशिक्षकाच्याही परीक्षा असतात, हे मुलांना आवर्जून सांगावे. उत्तम खेळाडू होता म्हणून कोणी आपोआप प्रशिक्षक होत नाही. आशियाई फुटबॉल महासंघाच्या पद्धतीत डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो अशा परवान्यांच्या पायऱ्या आहेत. जमील यांनी या पायऱ्या चढून प्रो परवाना मिळविला. शिक्षकास अध्यापनाचे शिक्षण जसे घ्यावे लागते, तसेच हे होय.

पूर्वपीठिका : एका शाळाशिक्षकाचे उदाहरण

जमील यांच्याकडे वळण्यापूर्वी भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील एका शिक्षकाचा परिचय करून देणे उचित ठरेल. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३) हे व्यवसायाने शाळाशिक्षक होते. तरुणपणी ते हैदराबादच्या संघांतून खेळले आणि पुढे प्रशिक्षक झाले. १९५० ते १९५४ या पाच वर्षांत त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा ओळीने पाच वेळा जिंकली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्ली येथे आणि १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४–२ असा विजय मिळविला, त्यात मुंबईत खेळणारे, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले होते.

याच रहीम यांच्या संघास १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १–१० असा दारुण पराभव पत्करावा लागला होता, हेही मुलांना सांगावे. आपले बहुतेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट घालून खेळण्याचा आग्रह धरण्यात आला, आणि चारच वर्षांनी तोच देश ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पराभव विसरण्यासाठी नसतो, तपासण्यासाठी असतो, हे यातून स्पष्ट होते.

रहीम यांच्या शिक्षकी पेशाचा ठसा त्यांच्या पद्धतीवर उमटलेला दिसतो. ते हैदराबादेत केवळ कमकुवत पायाने खेळावयाच्या स्पर्धा भरवीत. चेंडू एकट्याने पळवीत नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धाही भरवीत. जे अंग कच्चे आहे, त्याचाच सराव करून घ्यावयाचा, ही गोष्ट गणिताच्या वा शुद्धलेखनाच्या तासाला कोणत्याही शिक्षकास नवी वाटणार नाही. त्यांनी ती मैदानावर नेली एवढेच. त्यांच्यानंतर राष्ट्रीय संघाला अनेक देशी व विदेशी प्रशिक्षक लाभले. २०११–१२ या काळात गोव्याचे माजी खेळाडू सावियो मदेरा यांनी ही धुरा वाहिली आणि २०११ ची दक्षिण आशियाई स्पर्धा भारतास जिंकून दिली. त्यानंतर मात्र सुमारे तेरा वर्षे हे पद विदेशी प्रशिक्षकांकडे राहिले. ही खंडित परंपरा जमील यांच्या नेमणुकीने पुन्हा सुरू झाली.

खेळाडू

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेत येथे एका भारतीय कुटुंबात झाला. पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी झाली. एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेड या मुंबईच्या संघांतून मधल्या फळीतील खेळाडू म्हणून ते खेळले आणि भारतीय संघातही त्यांची निवड झाली. २००५–०६ साली महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्या काळात ते या संघात होते. परंतु दुखापतींनी त्यांना वारंवार गाठले. २००७ साली ते नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसी या क्लबात आले आणि दोन वर्षांतच त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपुष्टात आली.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. मधल्या फळीतील खेळाडूचे काम कोणते, हे फळ्यावर आकृती काढून समजावून द्यावे. तो बचावपटूंकडून चेंडू घेतो आणि आघाडीच्या खेळाडूंकडे पोहोचवितो. पुढे काय चालले आहे आणि मागे कोण उघडा पडला आहे, या दोहोंवर त्याला नजर ठेवावी लागते. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. चेंडू नेऊन देणाऱ्याचे येतेच असे नाही. अशा जागी खेळलेल्या माणसाला सबंध मैदान पाहण्याची सवय लागते, आणि प्रशिक्षकास सर्वांत अधिक उपयोगी पडते ती हीच सवय.

मुंबईतील सात वर्षे

२००९ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर खेळले, त्यांनाच आज शिकविण्याची पाळी आली. पुढील सात वर्षे, म्हणजे २०१६ पर्यंत, ते या एकाच क्लबात राहिले. भारतीय फुटबॉलमध्ये एका हंगामात दोनदोन प्रशिक्षक बदलले जातात. तेथे सात वर्षे ही फार मोठी मुदत होय.

या सात वर्षांत मुंबई एफसीने देशाच्या सर्वोच्च स्पर्धेचे, म्हणजे आय-लीगचे, विजेतेपद एकदाही मिळविले नाही. तथापि एकदाही तो संघ खालच्या श्रेणीत घसरला नाही. कोलकाता आणि गोव्याच्या मातबर क्लबांच्या मानाने त्याचे बळ बेताचे होते. अशा संघास दरवर्षी तगवून धरावयाचे, तर बचाव भक्कम ठेवणे, एकाही सामन्यात हातपाय न गाळणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणे, हेच मार्ग उरतात. जमील यांचे संघ पुढेही याच गुणांसाठी ओळखले गेले. प्रेक्षकांना असा खेळ नेहमी रुचतो असे नाही. त्यावर टीकाही झाली. परंतु आपल्याजवळ काय आहे, याचा अंदाज घेऊनच आखणी करावी लागते.

खेड्यातील शिक्षकाने या सात वर्षांचा विशेष विचार करावा. आयझॉलचे यश सर्वांना दिसले, पण ज्या वर्षांत चषक नव्हता, त्याच वर्षांत ते घडत होते. मुंबई एफसीने २०१६ साली प्रशिक्षक बदलला. पुढल्याच हंगामात तो संघ तळाला जाऊन खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर बंदच पडला. संघ केवळ टिकवून धरणे म्हणजे काय काम होते, ते तेव्हा कळले.

आयझॉलचा हंगाम

२०१६–१७ च्या हंगामासाठी जमील मिझोरमची राजधानी आयझॉल येथील आयझॉल एफसी या क्लबाचे प्रशिक्षक झाले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेला होता. गोव्यातील क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्यामुळे त्यास पुन्हा प्रवेश मिळाला. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडू त्यांच्याबरोबर आयझॉलला गेले. गोव्याचा गोलरक्षक आल्बिनो गोम्स, सीरियाचा महमूद अल्-अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान आणि त्यांच्या जोडीला मिझोरमचे तरुण, असा तो संघ होता. भाषा निरनिराळ्या, प्रांत निरनिराळे. परंतु मैदानावर प्रत्येकाचे काम नेमून दिलेले.

स्पर्धेत दहा संघ होते आणि प्रत्येकास अठरा सामने खेळावयाचे होते. विजयास तीन गुण, बरोबरीस एक गुण. हंगाम सरत आला तेव्हा आयझॉल आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात चुरस उरली. २२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलच्या मैदानावर दोघांची गाठ पडली. सामना संपत आला असता झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि आयझॉलने १–० असा विजय मिळविला. ३० एप्रिल रोजी शिलाँग येथे शेवटचा सामना होता. बरोबरीही पुरेशी होती. सुरुवातीसच शिलाँग लाजाँगने गोल केला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली आणि सामना १–१ असा सुटला. आयझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील संघाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

या विजयाचा दुसरा भागही मुलांपासून लपवू नये. हंगाम संपताच जमील आणि संघातील अनेक खेळाडू मोठ्या क्लबांत गेले. लहान क्लब घडवितो आणि मोठा क्लब नेतो, असा हा क्रम आहे. गावच्या शाळेतही तेच घडते. ज्या मुलाला अक्षरओळख करून दिली, ज्या मुलीकडून पाढे घोटून घेतले, ती चार इयत्तांनंतर पनवेलच्या शाळेत जातात आणि त्यांच्या यशाची नोंद तेथे होते. म्हणून आयझॉलने त्या हंगामात केलेले काम वाया गेले असे कोणी म्हणत नाही. त्या वर्षीच्या विजेत्याच्या जागी आयझॉलचेच नाव आहे.

मोठी नावे, संमिश्र यश

२०१७–१८ मध्ये जमील कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या मोठ्या क्लबाचे प्रशिक्षक झाले. लीगचे विजेतेपद मिळाले नाही. सुपर कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बंगळूरकडून पराभव झाला. जानेवारी २०१९ मध्ये ते काही महिने मोहन बागानकडे होते. तेथेही चषक हाती आला नाही. लहान संघात यशस्वी ठरलेली पद्धत मोठ्या अपेक्षांच्या ओझ्याखाली तशीच चालते असे नाही.

यानंतर त्यांनी जे केले ते विशेष आहे. गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड या क्लबात त्यांनी साहाय्यक प्रशिक्षकाचे काम पत्करले. लीग जिंकून दिलेला माणूस दुय्यम जागी काम करू लागला. २०२०–२१ च्या हंगामात मुख्य प्रशिक्षकास मध्येच जावे लागले आणि संघ जमील यांच्या हाती आला. त्यांनी लीगमधील उरलेल्या सामन्यांत एकही पराभव न पत्करता संघास उपांत्य फेरीत नेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांची कायम नेमणूक झाली. इंडियन सुपर लीगमध्ये कायम मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले भारतीय होत. पुढचा हंगाम मात्र वाईट गेला आणि संघ तळाजवळ राहिला.

२०२३ च्या अखेरीस ते जमशेदपूर एफसीकडे गेले. २०२४–२५ मध्ये हा संघ इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तो अंतिम सामना गोव्याने ३–० असा जिंकला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३–२४ आणि २०२४–२५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार दिला.

राष्ट्रीय संघ

क्लबाच्या प्रशिक्षकास खेळाडू रोज भेटतात. राष्ट्रीय प्रशिक्षकाचे तसे नाही. खेळाडू वर्षभर आपापल्या क्लबांत असतात आणि थोड्या दिवसांच्या शिबिरापुरते एकत्र येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमणूक झाल्यावर जमील यांना पहिल्या सामन्यापूर्वी जेमतेम दोन आठवड्यांचे शिबिर मिळाले आणि एका मोठ्या क्लबाचे खेळाडू त्यास उपलब्धही झाले नाहीत. पटावर नाव आहे पण मूल हजर नाही, अशा वर्गावर शिकविण्याचा अनुभव शिक्षकांना असतोच.

स्पर्धा मध्य आशियाई फुटबॉल संघटनेची होती आणि भारताचे सामने ताजिकिस्तानातील हिसोर येथे झाले. २९ ऑगस्ट रोजी यजमान ताजिकिस्तानला भारताने २–१ असे हरविले. अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंनी गोल केले, आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने पेनल्टी अडविली. इराणकडून ०–३ असा पराभव झाला, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली. ८ सप्टेंबर रोजी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात वरच्या क्रमवारीतील ओमानशी १–१ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टींवर भारताने ३–२ असा विजय मिळविला.

लगोलग उलटा काळ आला. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत ९ ऑक्टोबरला सिंगापूर येथे संघास एक खेळाडू कमी असताना अखेरच्या क्षणी १–१ बरोबरी साधता आली. परंतु १४ ऑक्टोबर रोजी मडगावच्या घरच्या मैदानावर सिंगापूरने भारतास १–२ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्ग बंद झाला. १८ नोव्हेंबरला ढाका येथे बांगलादेशाकडूनही ०–१ असा पराभव पत्करावा लागला. ज्यांनी सप्टेंबरात कौतुक केले, त्यांनीच नोव्हेंबरात जाब विचारला. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या पदाचे हे स्वरूपच आहे, आणि रहीम यांच्या वाट्याला आलेला १९५२ चा पराभव आठवल्यास ते नवे नाही हे ध्यानात येईल.

या कारकिर्दीतून शाळेने काय घ्यावे

पहिली गोष्ट ही की, प्रशिक्षक आपला संघ समोरच्या माणसांतूनच उभारतो. जमील यांना आयझॉलमध्ये कोलकात्याचे खेळाडू मिळाले नाहीत. जे होते त्यांना त्यांनी योग्य जागा दिली. द्विशिक्षकी शाळेत पंधरावीस मुलेच असतात. त्यांतील कोणी धावण्यात चपळ, कोणी उंच, कोणी धीट, कोणी शांत. कोणते मूल कोठे उभे राहिल्यास उपयोगी पडेल, याचा विचार करणे हेच प्रशिक्षण, आणि वर्गातील अध्यापनही याहून वेगळे नाही.

दुसरी गोष्ट, शिकविणाऱ्याने आपला अहंकार आवरावा. साहाय्यकाची जागा पत्करल्याने जमील यांचे मोठेपण उणे झाले नाही. पुढील संधी त्यांना त्याच जागेवरून मिळाली.

तिसरी गोष्ट, गुणपत्रक पूर्ण वाचावे. या कारकिर्दीत एक लीग विजेतेपद आहे, अनेक हुकलेले चषक आहेत, एक तळाजवळचा हंगाम आहे आणि राष्ट्रीय संघाचे जय-पराजय दोन्ही आहेत. मुलांसमोर निव्वळ विजयांची यादी ठेवल्यास, पहिल्या नापासाबरोबर त्यांचा धीर सुटतो. एका मुलाचे एका चाचणीतील गुण पाहून त्याच्याविषयी मत बनविणे जसे चूक, तसेच एका सामन्यावरून प्रशिक्षकाची पारख करणेही चूक.

वर्गातील मांडणी

पहिल्या तासिकेत भारताचा व आशियाचा नकाशा टांगावा. कुवेत, मुंबई, आयझॉल, कोलकाता, गुवाहाटी, जमशेदपूर, हिसोर, मडगाव आणि ढाका ही स्थळे मुलांकडून दाखवून घ्यावीत आणि प्रत्येक स्थळापाशी तेथील प्रसंग थोडक्यात सांगावा. इतिहास आणि भूगोल यांची सांगड अशी सहज बसते.

दुसऱ्या तासिकेत गणिताकडे वळावे. आयझॉलने अठरा सामन्यांपैकी ११ जिंकले, ४ बरोबरीत सोडविले आणि ३ गमावले. मोहन बागानने १० जिंकले, ६ बरोबरीत सोडविले आणि २ गमावले. दोघांचे गुण मुलांनी काढावेत. बागानचे पराभव कमी असूनही आयझॉल पुढे कसे, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा. उत्तर त्यांना सापडेपर्यंत शिक्षकांनी ते सांगण्याची घाई करू नये.

मैदानावरील पाठ

मोठे मैदान नसल्यास अडचण नाही. कापणी झालेले एखादे खाचर मालकाच्या परवानगीने घ्यावे, धसकटे व दगड वेचून काढावेत, चुन्याने सीमा आखाव्यात आणि काठ्या रोवून गोल करावेत. पाचपाच मुलांचे दोन गट पुरेत. मुली आणि मुले एकत्र खेळवावीत. पूर्ण आकाराचा चेंडू या वयास जड पडतो. मिळाल्यास चार क्रमांकाचा घ्यावा.

पहिला खेळ : प्रत्येकाने आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारावयाचा. दहा मिनिटे. सुरुवातीस हशा पिकेल. तो पिकू द्यावा. वर्गात ज्यांना काही येत नाही असे वाटते, त्यांना त्या वेळी आढळून येईल की, हुशार मुलांचेही एक अंग कच्चे असते.

दुसरा खेळ : चेंडू घेऊन तीन पावलांपेक्षा अधिक पळावयाचे नाही, साथीदारास द्यावयाचा. दहा मिनिटे. गटातील प्रत्येकाचा पाय चेंडूला लागल्याखेरीज गोल धरावयाचा नाही.

तिसरा खेळ : आळीपाळीने एकेका विद्यार्थ्याने प्रशिक्षक व्हावयाचे. त्याने पाच जणांस जागा नेमून द्यावयाच्या आणि प्रत्येकास त्याचे काम एका वाक्यात सांगावयाचे. प्रशिक्षकाने स्वतः चेंडूस पाय लावावयाचा नाही. उत्तम खेळणाऱ्या मुलास ही भूमिका अवश्य द्यावी. बाहेर उभे राहून दुसऱ्याची चूक पाहणे आणि न रागावता ती सुधारणे किती अवघड आहे, हे त्यास दहा मिनिटांत कळेल. जे मूल एरवी संघात शेवटी निवडले जाते, त्यासही प्रशिक्षक करावे. मैदानाबाहेर पुष्कळ वेळ उभे राहिल्यामुळे अशा मुलाने खेळ बारकाईने पाहिलेला असतो, आणि त्याची आखणी कित्येकदा इतरांहून सरस निघते.

स्वाध्याय

१. संघव्यवस्थापक आणि मुख्य प्रशिक्षक यांच्या कामांतील फरक लिहा.
२. मुंबई एफसीने सात वर्षांत विजेतेपद मिळविले नाही, तरी जमील यांचे काम महत्त्वाचे का मानावे?
३. १९५२ च्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये कोणता बदल झाला?
४. आयझॉल व मोहन बागान यांचे गुण काढून दाखवा. आयझॉलने शेवटचा सामना गमावला असता तर त्याचे गुण किती झाले असते?
५. आपल्या शाळेचा पाच जणांचा संघ निवडा. प्रत्येकाची जागा सांगून ती का दिली याचे कारण एका वाक्यात लिहा. कारण लिहिताना त्या खेळाडूचा दोष न सांगता गुण सांगा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी स्वतः वाचावीत आणि जपून ठेवावीत. कोणत्या मुलाचे नाव कोणीच लिहिले नाही, हे त्यांवरून दिसून येईल. पुढील शनिवारी खेळाच्या तासाला पहिली जागा त्या मुलास द्यावी.